चपला काढून जायची खोली

बाई,

तुम्ही गेल्यालाही आता बारा-तेरा वर्षं झाली. आज वर्गावरून आलो आणि खुर्चीत तसाच बसून राहिलो. अलीकडे फार थकायला होतं. आपल्या अध्यापक विद्यालयात कम्प्युटर आला आहे. एकच. त्याच्यासाठी प्रयोगशाळेशेजारची खोली रंगवली, पडदे लावले, कूलर बसवला. चपला दाराबाहेर काढाव्या लागतात. उद्घाटनाला कंपनीचा माणूस आला होता, त्याने अर्धा तास चालवून दाखवला. तेव्हापासून त्याच्यावर कापड आहे. हा विषय माझ्याकडे दिला आहे. मी फळ्यावर त्याची आकृती काढतो, भागांना नावं देतो, आणि उद्याचे शिक्षक ती वहीत उतरवून घेतात.

तुमच्या वेळी टेपरेकॉर्डर आला होता. तोही कपाटात ठेवायचा आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडायचा, असंच ठरलं होतं. तुम्ही पहिल्याच आठवड्यात तो सराव पाठाला घेऊन आलात. पाठ माझा होता, भूगोलाचा, नद्यांवरचा. पाठ संपल्यावर तुम्ही टेप लावता आणि मी माझाच आवाज ऐकतो आहे. दर वाक्यामागे माझं "समजलं का?" आणि मुलांचं "होऽऽ". मागच्या बाकावरचे हसतात. "काहून गा गुरुजी," तुम्ही म्हणता (शिकत होतो तेव्हाही तुम्ही आम्हाला गुरुजीच म्हणायचात), "एवढे काहून घाबरून राहिले? पोरायले एकदा तरी 'नाही' म्हणू द्या." माझे कान तापले. मग तुम्ही स्वतःचा पाठ लावलात. "आता माझ्या चुका काढा." तेवढ्यात फीत गुंतली. "मलेही हे येत नाही," असं सगळ्यांसमोर म्हणून तुम्ही मलाच जवळ बोलावलंत, आणि आपण दोघांनी ती बोटांनी सोडवली. त्या पाठाला किती गुण मिळाले ते आठवत नाही.

आज वर्ग सुटल्यावर कुहीकडची एक मुलगी त्या खोलीच्या दारात चपला काढून उभी होती. शनिवारी तिचं शिक्षण संपतं, मग ती गावच्या शाळेवर जाईल.

"सर, मले एकदा हात लावू द्या नं. गावात पोरं विचारतीन, त्यायले काय वही दाखवू?"

"बिघडला आहे," मी म्हणालो.

"उद्घाटनाले तर मस्त चालला होता नं, सर?"

"तेव्हापासूनच."

"बरं," म्हणाली. चपला घातल्या आणि गेली.

बाई, तो बिघडलेला नाही. मला तो सुरू करता येत नाही. शनिवारला अजून तीन दिवस आहेत. तिला हे सांगायचं धाडस होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.