काकांच्या जहाजाची शिडं

१२ जून
चि. छोट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. देवाच्या दयेने आम्ही खुशाल आहोत. माळा झाडताना तुझं लहानपणीचं प्लॅस्टिकचं जहाज सापडलं. तुझे मेहुणे म्हणाले, भंगारात द्या. मी म्हटलं, आधी तुमचा बंद रेडिओ द्या!

आठवतं का, चाचे म्हणजे समुद्रावरचे लुटारू हे तुला काही केल्या पटत नसे? चाचा म्हणजे काका, म्हणून जहाजावरचे सगळे दाढीवाले तुझे काका. हाताच्या जागी आकडा असलेला कप्तान तर मोठे काका!

जहाज पार्सलने पाठवते आहे. निवृत्त झाल्यापासून तू नुसत्या येरझाऱ्या घालतोस, असं तुझी बायको लिहिते. हाताला काम होईल. कठडा मोडला आहे, त्याला जुन्या कंगव्याचे दात लाव. नवं काही विकत आणू नकोस.
लोभ आहेच, जपून वापर.
तुझी अक्का

२३ जून
ती. अक्कास,
सा. न. वि. वि. काका सुखरूप पोचले. साबणाच्या पाण्यात बुडवून दातांच्या जुन्या ब्रशने घासले, तर मोठ्या काकांची दाढी लाल निघाली! कंगव्याचा कठडा फक्कड जमला. बायको मात्र तिचा कंगवा शोधते आहे.

वाचनालयाच्या दालनात पुढच्या महिन्यात जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन आणि स्पर्धा आहे, तिथे जहाज मांडणार आहे. पण वडील असले म्हणून काय, जहाज जोडताना अण्णांनी घोटाळा करून ठेवलाय. तिन्ही शिडं उलटी! जहाजाचं तोंड पुढे आणि शिडं फुगलेली मागे. डोलकाठीचं बूड अर्धगोल असतं, चुकीचं बसूच नये म्हणून. अण्णांनी ते ब्लेडने तासून उलटं ठोकलंय. जोडणीचं इंग्रजी माहितीपत्रक कळलं नसावं. काठ्या उपटल्या आहेत. सरळ लावल्या तर लटपटतात, म्हणून बुडं कापून नवी बसवतो. लोक हसायला नकोत.
मेहुण्यांना नमस्कार. रेडिओ सांभाळा म्हणावं.
तुझा छोट्या

२७ जून
चि. छोट्यास,
आशीर्वाद. पत्र मिळताच करवत खाली ठेव.

अण्णांना सगळं कळलं होतं. पहिल्यांदा शिडं बरोबरच लावली होती. तू गोवराने अंथरुणात होतास. जहाज फळीवर ठेवलं, त्याचं तोंड दाराकडे. तू हंबरडा फोडलास की काका निघाले. अण्णांनी जहाज फिरवलं, तर मोठ्या काकांचं तोंड भिंतीकडे गेलं आणि तू म्हणालास, काका रुसले. आई वैतागून म्हणाली की आता खऱ्या काकांनाच बोलवा. मग अण्णा ब्लेड घेऊन बसले. बोट कापलं, पण वारा उलटा केला. म्हणाले, आता काकांना जाता येणार नाही. तेव्हा कुठे तू औषध घेतलंस.

त्यांच्या हातचं आपल्याकडे दुसरं काय उरलंय रे? ते तासलेलं बूड कापू नकोस. हसणारे हसू देत.
देव तुला बुद्धी देवो. उत्तराकडे डोळे लागले आहेत.
अक्का

२१ जुलै
ती. अक्कास,
सा. न. वि. वि. उत्तराला उशीर झाला, प्रदर्शन उरकून लिहितो आहे. तुझं पत्र आलं तेव्हा पुढची आणि मागची काठी कापून नवं बूड लावून झालं होतं. कचऱ्याची बादली उपसली, पण कापलेले तुकडे काही मिळाले नाहीत. मधली तेवढी वाचली. ती अण्णांच्या बाजूने, म्हणजे उलटीच, भोकात सरकवली. डिंकाचा थेंबही लागला नाही, अशी घट्ट बसली. कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत बसलो.

जहाज तसंच प्रदर्शनात ठेवलं, दोन शिडं जायला निघालेली आणि एक अडून बसलेलं. परीक्षक बाईंनी चष्मा वर करून विचारलं की हे जहाज नक्की चाललंय कुठे? मी सांगितलं की निघायचं म्हणतात, पण वडील सोडत नाहीत.
माया आहे तशीच राहू दे.
तुझा छोट्या