मे महिन्याच्या चित्रातल्या बायका

आये, मे महिन्याच्या चित्रातल्या त्या बायका चिखलात काय करत होत्या, ते मी जाऊन बघून आलो. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की सांगायची काही घाई नव्हती. पण आज घरातली मंडळी लग्नाला गेलीत आणि मला कंटाळा आलाय, म्हणून लिहायला बसलो.

ते कॅलेंडर बाबांनी उरणहून आणलं होतं. बंदरावर कंटेनर बांधायच्या कामाला ते नुकते लागले होते आणि जहाजावरच्या कुणा जपानी माणसाने ते त्यांना देऊन टाकलं होतं. बाबांनी खिळ्यावरचं आपलं कॅलेंडर काढून हे लावलं. तू चुलीपाशी बसलेली. वर बघितलंस आणि कपाळावर हात मारून घेतलास. "यात एकादशी कुठं हाय? मासली कवा खायाची नाय, ते मना कोन सांगल? जपानी?" बाबा म्हणाले, "चित्रं बग गो, चित्रं." काही दिवस तू ढुंकून पाहिलं नाहीस. मग एकदा बघायला लागलीस ती हटेचनास. सगळी चित्रं एकाच किनाऱ्याची होती. जानेवारीत कडाक्याच्या थंडीत लंगोट लावलेले पुरुष देवाची पालखी घेऊन समुद्रात शिरतायत. फेब्रुवारीत चौकटींवर समुद्राचं काळं शेवाळ वाळत घातलंय. जूनमधे भाताची खाचरं डोंगरावरून उतरत थेट पाण्यापर्यंत आलीत. ऑगस्टात पाण्यात कागदी दिवे सोडलेत. ऑक्टोबरात माकुलं, म्हणजे स्क्विड, चिमटे लावून दोरीवर टांगलीत, धुतलेल्या बनियनसारखी. त्यावर तू खूप हसलीस. "ही तं आपली बोंबलाची वलांडी. येनार तिकडं पन वास असंच!"

आपल्या गावात, सारसोळ्यातही तेव्हा महिना बघायला कॅलेंडर लागत नव्हतं. थंडीत खाडीवर लांब पायांचे पक्षी उतरायचे, शिमग्याच्या सुमारास अंगणभर जवळा वाळत पडायचा आणि आम्ही पोरं कावळे हाकायला बसायचो, नारळी पुनवेच्या आधी होड्यांना रंग लागायचा आणि सगळ्या गल्लीला त्याचा वास यायचा. तुझा महिना मात्र पंधरा दिवसांचा. अमावास्येला आणि पुनवेला ओहोटी लांब गेली की लुगड्याचा काष्टा घट्ट करून तू इतर बायकांबरोबर चिखलात उतरायचीस, शिवल्या वेचायला. डोळ्यांनी नाही, पायांनी शोधायचीस. टाचेखाली शिंपला लागला की वाकायचं आणि पाटीत टाकायचं. पण मला कळायला लागलं तोवर पाटीत शिवल्या कमी आणि चिखल जास्त यायला लागला होता. वर कारखाने, इकडे नवीन टॉवर, सगळ्यांचं पाणी खाडीत. एकेक करून बाकीच्या बायकांनी जाणं सोडलं. शेजारची काकी तुला चिडवायची, "गो, आता चिखल इकनार का तू?"

कॅलेंडर आलं त्याच वर्षी नवीन शाळेत शिपाईणीची जागा निघाली. नव्या शहरासाठी आपली जमीन गेली होती, म्हणून ती आपल्या घरात मिळत होती. कायमची नोकरी. बाबांनी दोन माणसांना भेटून सगळं जुळवून आणलं आणि जेवताना तुला सांगितलं. तू उठलीस, कॅलेंडर खिळ्यावरून काढलंस आणि मे महिना त्यांच्या ताटाशेजारी ठेवलास. मे महिन्यात ओहोटीच्या चिखलात बायका ओळीने वाकलेल्या, हातात चिखल उकरायचे छोटे लोखंडी पंजे, जाळीच्या पिशव्या गच्च भरलेल्या. आणि मागे, अगदी जवळ, कारखान्याच्या चिमण्या. "ते बग," तू म्हणालीस. "धूर हाय का नाय? तरी भरतान. त्यांच्याकडं येतान, मंग आपल्याकडं बी येतील. मी झाडू माराला जायाची नाय."

बाबा म्हणाले, "चित्र हाय ते!"

"फोटू हाय," तू म्हणालीस. "फोटू खोटं बोलत नाय."

ती नोकरी शेजारच्या काकीला मिळाली. तू जात राहिलीस. वर्ष संपलं, पण मे महिना तेवढा फाडून तू भिंतीला चिकटवलास. तो पुढे पिवळा पडला, आणि पुनवेला तू चिखलाने माखलेले पाय पिंपाशी धूत असायचीस. बाबांनी पाटीत बघणं बंद केलं होतं. मी बघायचो. कधी एका कालवणापुरत्या, कधी तेवढ्याही नाही. "येतील रे बाला, जरा थांब," तू मलाच समजवायचीस, जणू मीच धीर सोडला होता. पुढे चिखलात पाय कापला, ती जखम चिघळली, मग ताप, मग दवाखाना. तू गेलीस तेव्हा पाटी पडवीत उपडी ठेवलेली होती. काकी हल्लीच पेन्शनीत निघाल्या. सोसायटीच्या बागेत फेऱ्या मारतात, गुडघे ठणठणीत आहेत. मला त्यांचा राग येत नाही. कधीकधी थोडा येतो.

मी आता क्रेनच्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी ट्रेनिंगला जपानला पाठवलं. सुट्टीच्या दिवशी तिथला एक इंजिनियर मला गाडीतून किनाऱ्याकडे घेऊन गेला. खाचरं खरंच पाण्यापर्यंत उतरतात. एका गावात एक म्हातारी शेवाळ वाळत घालत होती आणि तिने मला चहा दिला. मग आम्ही अशा जागी पोचलो जिथे ओहोटी लांब गेली होती, बायका-पोरं ओळीने वाकली होती आणि मागे चिमण्या होत्या. तेच गाव का, ते मला माहीत नाही. दारात तिकीट काढलं, पंजा आणि जाळीची पिशवी मिळाली. मी बूट काढून उतरलो आणि पंजा बाजूला ठेवून टाचेनेच शोधलं. लगेच लागली. मग दुसरी. मग लागतच गेल्या. आये, मला इतका आनंद झाला की मी तिथे मोठ्याने तुला हाक मारली. लोक बघायला लागले.

त्या इंजिनियरला वाटलं, मला काही लागलं. मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि तो म्हणाला, "या इथल्या नाहीत. इथल्या मी लहान असतानाच संपल्या. बाहेरून ट्रकने आणतात, पाणी उतरलं की सकाळी चिखलात पसरतात. लोक मग कुटुंबासह वेचायला येतात. सहल असते."

मी बरं म्हणालो. पुन्हा वाकलो आणि पिशवी भरेपर्यंत वेचत राहिलो. पायाला लागतात तेव्हा फार बरं वाटतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तर उत्तर हे असं आहे. फोटो खोटं बोलत नव्हता, तुझं तेवढं बरोबर होतं. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तुझा पत्ता असता तरी टाकलं नसतं. तू समोर बसून विचारलं असतंस ना, तर मी म्हणालो असतो, आये, येतान. पाटी भरून येतान.