बायनाअक्काची पाटी

चौसाळा
१२ फेब्रुवारी १९८७

बायनाअक्का,

आजही टँकर आला नाही. चौथीच्या वर्गाचा माठ सकाळीच रिकामा झाला. गणिताचा तास सुरू करताना मी तुझ्या लेकीला, साखराला म्हणाले, "जा, हापशावरून पाणी आण." ती कळशी घेऊन दारातच थांबली.

"बाई, मला गणित येणार न्हाई म्हणून रोज मलाच धाडता का?"

पोरं हसली. मी फळ्याकडे वळून गणित लिहायला लागले.

तू साखर कारखान्याच्या तळावर वारलीस, त्याला आज महिना झाला. दाजी पुन्हा ऊसतोडीला गेले आणि साखरा माझ्याकडे राहिली. तिला पाणी वाहायची सवय आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

आपण दोघी बहिणी एकाच वर्गात, चौथीत होतो, तेव्हा गुरुजींनी तुलाही असंच पाण्याला पाठवलं होतं. जाताना तू तुझी पाटी माझ्या हातात दिलीस. तिच्यावरचं गणित पाहून गुरुजी मला म्हणाले, "शाबास! ही पोरगी शिकणार." ते गणित तू सोडवलं होतंस, हे मी सांगितलं नाही. त्यानंतर ते मलाच फळ्यापाशी बोलवायचे आणि पाण्याला तुला पाठवायचे. घरी तू हसून म्हणालीस, "असू दे की गं, शाबासकी आपल्याच घरात आली ना!" पण दिवाळीनंतर तू शाळेत पाटी आणणंच सोडलंस.

साखरानं आज पाणी आणलं आणि ती मागं जाऊन बसली. तिनंही पाटी काढली नाही.

आता शाळा सुटली आहे. उद्याचा माठ भरायला कळशी घेऊन मीच हापशावर निघाले आहे.

तुझी धाकटी,
वच्छला