अडतीसवी चौकट

१४ नोव्हें.
काल दादाची तेरवी झाली. आज लॅपटॉप उघडला. इतके दिवस चार्जरवरच, बंद नाई केला कोणी. क्वांटम केमिस्ट्रीची माझी प्रोग्रामवाली वही स्क्रीनवर तशीच उघडी. हायड्रोजन रेणूची ऊर्जा उणे १.११७. बरोबर. तो जायच्या आदल्या संध्याकाळी हेच दाखवून दादाले म्हटलं, "पाह्यलं? माझं मीच काढलं." तो नुसता हसला.
दुसऱ्या दिवशी सकाळी रागातच होती, बोलली नाई त्याच्याशी. गाडी घेऊन राजूरले कामावर गेला. कोळशाचा ट्रक... नाई लिवत.

१७ नोव्हें.
तीच वही पेन ड्राइव्हवर कॉलेजात नेली. उत्तर चूक! घरी येऊन उघड्या वहीतली ऊर्जेची शेवटची ओळ चालवली तर बरोबर. एक अक्षर बदललं नाई.

१८ नोव्हें.
सर म्हणाले, वहीतली चौकट चालवली की बाजूले नंबर पडतो. मग ती पुसली तरी तिनं केलेला बदल मेमरीत राहतो, बंद करेपर्यंत. "नंबर पाहा. सदतीसनंतर एकोणचाळीस. अडतीस कुठाय?"
अडतीस मीच पुसली. मी चहा ठेवाले गेलती, आली तर दादा टाइप करून राह्यलता. "कायले हात लावतो माह्या वहीले?" ओरडली न् उडवली, न वाचता. म्हणजे बरोबर उत्तर त्याचं होतं. मोठी आली शहाणी!
सर म्हणे, हिस्टरी मागव, पुसलेलंही दिसते. पण लॅपटॉप बंद पडला तर भरवसा नाई.

१९ नोव्हें.
दुपारी लाईट गेली. बॅटरी जुनी, पंधरा मिनिटं जेमतेम. भेव वाटत होतं वाचाचं. शेवटी मागवलीच.
३८:
R = 0.74
# मने, तुझे १.४ चुकले. काहून थे तूच शोध. नाई सापडलं तं सकाळी इचार मले.
लय रडली. सातव्या मिनिटाले लाईट आली.

२० नोव्हें. सकाळ
पुस्तकात R, म्हंजे दोन अणूंतलं अंतर, १.४ च हाय, 'बोर' या मापात. मी तेच टाकलं. चूक सापडून नाई राह्यली. सर एका मिनिटात सांगतील, पण त्याईले नाई इचारत.
माय आली. "बंद कर वं थे, तापलं केवढं."
म्हटलं, "थांब न, दादाले इचारून राह्यली."
मायनं खाली वाकून चार्जर नीट खोसला न् गेली.