धुकं कुणाचं

९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. रागावले असले तरी नमस्कार चुकवणार नाही, तेवढं वळण आहे मला.

मी बरी आहे. खोली लहान आहे, पण खिडकी उत्तरेला, त्यामुळे उजेड दिवसभर सारखा राहतो. घरमालकीण बोलते फार, मनाची चांगली आहे. तुझे गुडघे कसे आहेत? गोळी जेवणानंतर घे, आधी नको.

तुझं पत्र पोचलं. 'प्रदर्शन तोंडावर आलंय, फळीवर कागद ताणायला तुझ्याइतकं कुणी नाही, पुरे झाली ही थेरं, परत ये.' थेरं! मी पंचावन्नाव्या वर्षी जलरंग शिकते ती थेरं, आणि तू बासष्टाव्या वर्षी काढतेस ती साधना. वा गं वा!

आमचे मास्तर म्हणजे आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. पहिल्या दिवशी मी डोंगर काढला तो हुबेहूब तुझा. तीच निळी कडा, तोच डावा उतार. मास्तर म्हणाले, "बाई, तुम्ही डोंगर नाही पाहिलेला. कुणाचं तरी चित्र पाहिलंय." कानशिलं तापली माझी. तीस वर्षं तुझ्या मागे उभं राहून ब्रश धुतले, दुसरं काय येणार?

मग त्यांनी आम्हाला गावाबाहेर नेलं, डोंगरासमोर बसवलं. "डोळे अर्धे मिटा. जे उरेल तेवढंच काढा." झाडं गेली, खडक गेले. उरले तीन डाग: जांभळा, करडा आणि उन्हाचा. कागद ओला करायचा, रंग सोडायचा आणि हात मागे घ्यायचा. तेच जमेना. मी आपली दर वेळी काठ नीट करायला जायची. अकरा कागद वाया गेले. बाराव्यावर हात आवरला आणि डोंगर उभा राहिला.

तेव्हा मला ते आठवलं. लिहू की नको करत तीन पानं फाडली. लिहितेच.

तुझं ते धुक्यातलं चित्र. तू जेवायला गेली होतीस. मी पाणी बदलत होते आणि गढूळ पाणी थेट डोंगराच्या वाळलेल्या कडेवर सांडलं. स्पंजाने टिपायला गेले तर कडाच विरघळायला लागली. मग मी थांबलेच नाही. वरचं आभाळ ओलं केलं, फळी तिरकी धरली, रंग उतरू दिला. तू आलीस. कितीतरी वेळ बघत राहिलीस. वाटलं, आता कानाखाली बसतेय. तू ब्रश उचलून सही केलीस आणि म्हणालीस, "पाणी बदल."

बारा वर्षं लोक त्या धुक्याचं कौतुक करतात आणि तू मान डोलावतेस. मीही गप्प बसले, कारण 'तुझा हात कामाचा, कलेचा नाही' हे तुझं म्हणणं मला खरं वाटायचं. आता वाटत नाही.

मी येणार नाही, ताई. तुझ्या उद्‌घाटनाच्याच दिवशी आमच्या वर्गाचंही प्रदर्शन आहे, शाळेच्या हॉलमध्ये, चहा-बिस्किटांसकट. तिथे माझा डोंगर लागणार आहे. उजव्या कोपऱ्यात मी माझं नाव घातलंय. कधी घातलं नव्हतं, त्यामुळे अंदाज चुकला, फार मोठं झालंय. मास्तर म्हणाले, जरा पुसून लहान करा. मी नाही म्हटलं.

यापुढे फक्त तुझी बहीण,
धाकटी