चार लिंबं आणि भाऊरावांची फियाट

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळ.
तळमजल्यावरच्या भाऊरावांनी फियाटवरची ताडपत्री काढली. १९७८चं मॉडेल, एकोणीस वर्षं झाकलेलं. ते लेकीकडे चेंबूरला कायमचे निघालेत, दसऱ्यापर्यंत पार्किंग रिकामं करायचंय. घेतोस का रे राजेश, म्हणाले. नुसती बघून आलो. बघणं म्हणजे घेणं नव्हे.

संध्याकाळ.
हेमांगी म्हणते, पितृपक्षात नवीन खरेदी नको. नवीन कुठे? सत्तेचाळीस वर्षांची आहे. यावर बायकोकडे उत्तर नव्हतं. आमटीत मीठही नव्हतं.

१६ सप्टेंबर.
वहीत निकष लिहिले. इंजिन, ब्रेक, पत्रा. एक जरी नापास, तर विषय बंद. भावनेला थारा नाही.

२१ सप्टेंबर, रविवार.
भांडुपहून सहदेव मेकॅनिक आला. बॉनेट उघडलं, आत उंदरांचं बाळंतपण झालेलं. इंजिन जाम, ब्रेक जाम. पत्र्याचं म्हणाल तर, सहदेव म्हणाला, साहेब, सीटवर बसल्या बसल्या पाय जमिनीला टेकतील.
निकष फारच पुस्तकी होते. सुधारित निकष: स्टिअरिंग, हॉर्न. स्टिअरिंग फिरलं! हॉर्न वाजला नाही, पण सुसंस्कृत माणूस हॉर्न वाजवतोच कशाला? पास.

२४ सप्टेंबर.
हेमांगीचा सवाल: पार्किंग एकच, मग माझी गाडी लावू कुठे, तुझ्या डोक्यावर? मला साडेसहाला शाळेत पोचायचं असतं. म्हटलं, थोडे दिवस बाहेर रस्त्यावर लाव. म्हणाली, माझी गाडी रस्त्यावर गेली, तर तुझं अंथरूण त्या फियाटमध्ये.
नोंद: मागची सीट सलग आहे.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी १०.
निर्णय घेतलेला नाही. पण आजच्या दिवशी एका जुन्या वाहनाचा मान राखायला काय हरकत? झेंडूचा हार, नारळ, चाकांखाली चार लिंबं. पूजा केली म्हणून गाडी आपली होत नाही.

दुपारी १२.
नारळ फुटला आणि भाऊरावांच्या डोळ्यांत पाणी. पोरा, चांगल्या घरी पडली रे, म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात. दुसऱ्या मजल्यावरची श्रुतिका लगेच पेढे घेऊन आली. सेक्रेटरी हितेशभाईंनी मिठी मारली. नुसती पूजा होती, असं मी सांगणारच होतो. पण तोंडात पेढा होता.

दुपारी ३.
सहदेवने ठोकून ठोकून चाकं जेमतेम मोकळी केली, फिरण्यापेक्षा घसटतच जास्त. गाडी गेटाशेजारच्या माझ्या पार्किंगकडे न्यायला सहा जणांनी ढकलली. वळताना बरोब्बर गेटात चाकं पुन्हा जाम. सगळ्या सोसायटीच्या गाड्या आत, हेमांगीचीही. हितेशभाई म्हणाले, काय यार राजेश, आम्ही सोनं द्यायला बाहेर पडायचं कसं, उडून?
लिंबू एकही चिरडलं नाही. घसटणाऱ्या चाकांनी चारही पुढे ढकलत आणली. हेमांगीने उचलली, धुतली, ढकलणाऱ्यांना सरबत केलं. मला दिलं नाही.

३ ऑक्टोबर. सकाळी ६.
क्रेन दहाला येणार. हेमांगी आत्ताच रिक्षाने शाळेत गेली. गेटातून निघताना काचेवर टकटक करून माझा चष्मा तेवढा दिला.
मागची सीट सलग आहे, पण आखूड. पाय खालच्या भोकातून जमिनीला टेकतात. सहदेव खोटं बोलत नाही.
गाडी घ्यायची की नाही, ते अजून नक्की नाही. इथे पडल्या पडल्या शांतपणे विचार करतोय.