मॅडमच्या उंचीची बाई

४ मार्च, सोमवार

आज पूल उघडला. उद्या मॅडम उघडतील.

रिबन जुनीच, मागच्या पुलाची, मधोमध सेफ्टी पिन लावलेली. मी कात्री चालवल्यासारखं केलं, आमचे कार्यक्रमप्रमुख घड्याळकाका यांनी पिन काढली, दोन शिपायांनी टाळ्या वाजवल्या. त्यातल्या एकानं तर फारच मनापासून. मी मान लववून अभिवादन स्वीकारलं. सवयच लागलीय मेली! परवा बँकेत दारवानानं दार उघडलं तर त्यालाही मी हात हलवला.

मॅडमचा या आठवड्याचा कार्यक्रम असा: मंगळवारी पूल, बुधवारी हॉस्पिटलची नवी इमारत, गुरुवारी परदेशी पाहुण्यांबरोबर जेवण, शुक्रवारी देशाला उद्देशून भाषण. म्हणजे माझा सोमवारी पूल, मंगळवारी हॉस्पिटल, बुधवारी जेवण (रिकाम्या ताटापुढे!) आणि गुरुवारी भाषण. पंतप्रधान जिथे जाणार तिथे आदल्या दिवशी त्यांच्या उंचीची बाई उभी करायची, म्हणजे माइक, दिवे, कॅमेरा, खुर्ची सगळं बेतता येतं. ती बाई मी. साधी कारकून होते. कागदावर आलेल्या मॅडमच्या उंचीशी माझी उंची जुळली आणि नशीब फळफळलं.

दोन नियम. मॅडम यायच्या आत मी निघायचं, त्यामुळे त्यांना मी आजवर समोरासमोर पाहिलेलंच नाही. आणि या कामाबद्दल घरीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही. नवऱ्याला, म्हणजे मास्तरांना, वाटतं मी कार्यक्रमांच्या खुर्च्या मांडून घेते. वाटू दे.

५ मार्च, मंगळवार

हॉस्पिटल झालं. खोट्या रोग्याची विचारपूस केली. रोगी म्हणजे आमचा ड्रायव्हर, तो पांघरूण घेऊन खरोखर झोपला होता. घोरत होता! "लवकर बरे व्हा," मी म्हणाले आणि सगळा वॉर्ड हसला.

घरी आले तर मास्तर दिवा न लावताच बसलेले. नवरा असला म्हणून काय, सगळी शाळा मास्तर म्हणते, मीही मास्तरच म्हणते. शाळेत गाणं शिकवतात. उजवा कान बराचसा गेलेला, त्याला यंत्र नाहीच. डाव्यात जुनं यंत्र, ते मधूनच शिट्टी मारतं. त्यामुळे मी कायम डावीकडे. चालते डावीकडून, बसते डावीकडे, भांडतेही डावीकडूनच. भांडण नको असलं की मास्तर शांतपणे मान वळवतात आणि उजवा कान पुढे करतात. लबाड!

आज मुख्याध्यापिका म्हणाल्या म्हणे, "वर्ष संपेपर्यंत बघू." मागच्या रांगेतली मुलं भलत्याच सुरात गात होती आणि मास्तर हसत हसत मान डोलावत होते. वर्ष संपलं की गाण्याचा वर्ग दुसऱ्या कोणाला तरी देणार. मास्तरांचं गाणं काढून घेतलं तर माणसात उरेल काय? मला तर विचारही करवत नाही.

दोन्ही कानांना नवी यंत्रं हवीत. पण त्यावर कर केवढा, तर अत्तरावर आणि हिऱ्यांवर असतो तेवढा. चैनीच्या वस्तू म्हणे! आमच्या घरात ऐकू येणं ही चैन. मी यंत्राचा विषय काढला की मास्तरांचं ठरलेलं उत्तर: "तुझं ऐकायला अर्धा कान पुरतो." आजही तेच. मी खूप हसले, मग स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडलेही.

६ मार्च, बुधवार

रिकाम्या ताटातलं जेवण उत्तम झालं.

कचेरीत एकच विषय. मॅडम परवाच्या भाषणात करकपात जाहीर करणार! कशावरचा कर कमी होणार ते कुणालाच माहीत नाही. स्वयंपाकी म्हणतो, साखरेवर. ड्रायव्हर म्हणतो, टायरवर. घड्याळकाकांच्या एका मनगटावर घड्याळ आणि दुसऱ्या मनगटावर ते बंद पडलं तर म्हणून दुसरं. ते म्हणाले, "वेळेवर." त्यांना वर्षातून एकदा विनोद होतो, तो आज झाला. म्हणे अर्थमंत्री काहीही सोडायला तयार नाहीत. मॅडमनी म्हणे तीनदा विचारलं, तिन्ही वेळा तो माणूस कानावर हात ठेवून बसला.

कानावर हात! ज्यांचे कान धड आहेत त्यांना बरं परवडतं.

७ मार्च, गुरुवार

दुपार. काय मजा आली आज!

व्यापारी संघाचं मोठं सभागृह. खरं भाषण तालमीत कधीच वाचायचं नसतं, फुटेल म्हणून. आणि नुसतं "एक, दोन, तीन" म्हटलेलं माइकवाल्याला चालत नाही. म्हणतो, "ताई, मॅडम तावातावानं बोलतात. तुम्हीही ताव आणा, नाहीतर आवाज बेतणार कसा?" त्यानं यंत्रात मॅडमचा आवाज असा काही जुळवून ठेवलाय की मीही बोलले की जवळजवळ मॅडमच. "फक्त तुम्ही बोलण्याआधी नाकानं तो मोठा श्वास घेता ना," तो कुरकुरला, "तो काही मला काढता येत नाही." मागच्या आठवड्यात मी पलंगावर ओले टॉवेल टाकणाऱ्या नागरिकांना झापलं होतं. सगळे खूश झाले होते.

आज श्वास घेतला आणि म्हटलं, "नागरिकहो! कानाच्या यंत्रावरचा कर आजपासून रद्द! ज्याला ऐकू येत नाही त्याच्याकडून आपण अत्तराएवढा कर घेतो, लाज वाटली पाहिजे आपल्याला! माणसाला बायकोची बडबड ऐकू येणं ही चैन नाही. पोरांचा चुकलेला सूर ऐकू येणं ही चैन नाही. सरकार तुमचं ऐकेल की नाही ते पुढचं पुढे, आधी तुम्हाला तरी ऐकू येऊ दे!"

झाडणाऱ्या बाईनं झाडू खाली ठेवून शिट्टी मारली. घड्याळकाकासुद्धा टाळी वाजवता वाजवता थांबले. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

संध्याकाळ. मेले मी!

खालच्या मजल्यावर पत्रकारांची खोली आहे. माइकवाल्यानं तिथला स्पीकर तपासायला चालू केला आणि बंद करायला विसरला. उद्याची जागा धरायला चार पत्रकार आजच येऊन बसले होते. त्यांनी ऐकलं. रेडिओवाल्यानं तर टिपूनही घेतलं. दर बातमीला माझा आवाज, मॅडमच्या नावानं! "पंतप्रधानांच्या उद्याच्या भाषणाची तालीम आमच्या हाती." देशभर आनंदीआनंद.

घड्याळकाकांचा फोन आला. "तुम्हाला देशाचा कर माफ करायला कुणी सांगितलं होतं?" मला हसूच आवरेना. भीतीनं येतं ना तसलं हसू, थांबतच नाही. उद्या सकाळी मॅडमच्या कचेरीतून खुलासा निघणार: बातमी खोटी. "तोवर घरी बसा," काका म्हणाले. "नंतरही बहुधा घरीच."

मास्तर रेडिओ डाव्या कानाला चिकटवून बसले होते. पुन्हा पुन्हा तेच लावत होते. मला पाहून उठले, दोन्ही हात धरून गरकन फिरवलं. "ऐकलंस? कर गेला!" इतके खूश! नियम म्हणजे नियम, आणि नियम नसता तरी काय सांगणार होते? नशीब, आताशा त्यांना आवाजातला बारीकसारीक फरक कळत नाही.

उद्या खुलासा आला की त्यांचा चेहरा कसा होईल, तो मला बघवणार नाही.

८ मार्च, शुक्रवार

मास्तर सकाळीच तयार. लग्नातला कोट!

"कुठे निघालात?"

"यंत्राच्या दुकानात. कानाचं माप द्यायला."

"अहो, संध्याकाळपर्यंत थांबा ना. भाषण तर होऊ दे."

मान वळवली, उजवा कान पुढे केला आणि गेले.

दुपारी टीव्ही लावला. यंत्राच्या दुकानापुढे ही भली मोठी रांग! आजोबा, आजी, आयांच्या कडेवर पोरं. आणि स्टुलावर कोण उभं? आमचे मास्तर! गाण्याच्या वर्गातली अख्खी फौज घेऊन. ज्या माणसाला चार पाहुणे आले की माडीवर जाऊन बसायची सवय, तो रांगेतल्या सगळ्यांकडून गाणं म्हणवून घेतोय. आजोबा एका सुरात, आजी दुसऱ्या, मास्तर तिसऱ्याच. माइक पुढे आला की एकच वाक्य: "मॅडमनी शब्द दिलाय. मॅडम शब्द फिरवत नाहीत." दुसरा माइक आला, पुन्हा तेच. तिसरा, तेच. दुपार टळेपर्यंत दुसऱ्या गावांतही रांगा लागल्या.

हसावं की रडावं! किती भोळा माणूस. माझ्या एका फुशारकीवर विसंबून कोट घालून उभा. खुलासा अजून आला नव्हता. प्रत्येक बातमीला मी टीव्हीचा आवाज कमी करत होते.

संध्याकाळी भाषण. शेजारच्या काकू आल्या, मास्तर आले, आम्ही तिघं एका पलंगावर. मॅडम आल्या, हनुवटी नेहमीसारखी वर. म्हणाल्या, "काल आमच्या घरातली गोष्ट जरा लवकरच बाहेर पडली." मग पाणी प्यायल्या. किती सावकाश पितात ही बाई! "तरीही शब्द तो शब्द. कानाची यंत्रं आजपासून करमुक्त."

मी किंचाळले. काकू घाबरल्या. मास्तर म्हणाले, "काय गं, काय म्हणाल्या?" आणि मी डाव्या कानाशी तोंड नेऊन इतक्या जोरात सांगितलं की ते जुनं यंत्र कायमचं बंद पडलं. हसून हसून पलंगावर लोळलो आम्ही.

९ मार्च, शनिवार

घड्याळकाकांचा फोन. "सोमवारी मॅडमनी बोलावलंय." एवढं बोलून फोन ठेवला. मी चांगली साडी इस्त्रीला काढली.

११ मार्च, सोमवार

साडी नीट करत आत गेले. मॅडम खुर्चीतून उठल्या आणि उठून उभ्या राहिल्या तरी माझ्या कानाच्या पातळीला!

"आपण एका उंचीच्या आहोत असं मला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या.

"मलाही," मी म्हणाले.

झालं होतं असं की त्यांची उंची शपथविधीच्या दिवशी मोजली होती, उंच टाचांच्या चपला घालून. पुढे गुडघे दुखायला लागले, टाचा गेल्या, पण कागदावरची उंची कोण बदलणार? कुणाची छाती झाली नाही सांगायची. "म्हणजे इतकी वर्षं मी माइककडे तोंड वर करून बोलते, ती तुमच्यामुळे?" मॅडम म्हणाल्या. "आणि पेपरवाले त्याला ताठ बाणा म्हणतात!" मग त्या हसल्या, मी हसले, आणि दाराशी उभे असलेले घड्याळकाका हसावं की नाही ते ठरवत राहिले.

मग गंभीर झाल्या. "खुलासा टाइप होऊन तयार होता. अर्थमंत्री पेन उघडून समोर उभे. तेवढ्यात टीव्हीवर ती रांग दिसली. स्टुलावरचा तो माणूस, काय त्याचा हट्ट! मॅडम शब्द फिरवत नाहीत, मॅडम शब्द फिरवत नाहीत. अहो, असं म्हटल्यावर फिरवायचा कसा? अर्थमंत्र्यांनीच पेन मिटलं."

"ते आमचे मास्तर," माझ्या तोंडून निघून गेलं.

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "तो आवाज तुमचा होता, हे त्यांना माहीत होतं?"

"छे हो! त्यांना ऐकू कुठे येतंय? साधा माणूस आहे. बातमीवर विश्वास ठेवला, झालं."

"हं," मॅडम म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, "कामावर या उद्यापासून. आणि तालमीत यापुढे ओले टॉवेलच बरे." म्हणजे सगळं ऐकत असतात तर!

बाहेर आल्यावर काकांनी माझी उंची नव्यानं मोजली. आता गुडघे जरा वाकवून उभं राहायचं.

२६ मार्च, मंगळवार

मास्तरांची दोन्ही यंत्रं शनिवारी आली. तेव्हापासून घरभर फिरून ऐकतायत: नळ, बिजागरी, कढईतलं तेल. काल शाळेत मागच्या रांगेला चांगलं फैलावर घेतलं. मुख्याध्यापिका दाराबाहेरून ऐकत होत्या. वर्ग मास्तरांकडेच राहणार.

मी म्हटलं, "आता कळेल, मी दिवसभर काय बोलते ते."

"त्या गुरुवारीच कळलं," म्हणाले. "रेडिओवर. बोलायच्या आधी तो श्वास घेतलास ना, भांडायला लागताना घेतेस तो. तो ओळखायला मला यंत्र लागत नाही."

"मग ती रांग? तो कोट?"

"तुझी नोकरी गेली असती," मास्तर म्हणाले आणि सरकून त्यांनी मला उजवीकडे जागा करून दिली.